सरकीचं तेल सरळ टाकीत ओतलं तर?

वणीजवळच्या राजूरला डिझेलशिवाय पान हलत नाही. खाणीचा कोळसा, भट्ट्यांचा चुना, हंगामात जिनिंगला जाणारा कापूस, सगळं ट्रक-ट्रॅक्टरवर. त्याच कापसाच्या सरकीतून तेल निघतं आणि बांधावरच्या, नाल्याकाठच्या करंजाच्या बियांतूनही निघतं. मग हे तेल टाकीत का ओतू नये?

ओतलं तर इंजिन सुरू होईल, आणि घोळ इथूनच सुरू होतो. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, तेव्हा तेल जळतं याबद्दल वाद नाही. पण ते कसं जळतं, हे पाहायला हवं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझल इंधनाचा फवारा सोडतं. फवारा धुक्यासारखा बारीक असेल तर थेंब पूर्ण जळतात. ४० अंश सेल्सिअसला खाद्यतेल डिझेलच्या साधारण दहापट घट्ट असतं. त्याचे थेंब मोठे पडतात, अर्धवट जळतात. नोझलच्या तोंडाशी कोळशी धरते, रिंगा चिकटतात. न जळलेलं तेल रिंगांच्या फटीतून खाली झिरपतं आणि इंजिन ऑइल दाट करतं. सरकीचं तेल यात जास्त वाईट, कारण त्यातली निम्म्याहून अधिक स्निग्धाम्लं हवा आणि उष्णता लागली की एकमेकांत गुंतून डिंकासारखी होतात. करंजाचं तेल त्या मानानं बरं. हे सगळं पहिल्या दिवशी दिसत नाही. पहिले काही तास इंजिन छान चालतं, म्हणूनच माणूस फसतो.

उपाय दोन आहेत: तेल तापवून पातळ करा, किंवा तेलच बदला.

तापवायचं तर दुसरी टाकी लागते. इंजिन डिझेलवर सुरू करायचं, गरम पाण्याच्या नळीनं तेल ७०-८० अंशांपर्यंत तापलं की त्यावर वळवायचं, आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणायचं, म्हणजे नोझलमध्ये थंड तेल उरत नाही. शेतावरच्या संथ, एका सिलिंडरच्या जुन्या इंजिनाला हे सोसतं. नव्या कॉमन रेल ट्रकला नाही. त्यातला पंप आणि नोझल इतके नाजूक मापाचे असतात की तिथे हा प्रयोग करूच नये.

तेल बदलणं म्हणजे बायोडिझेल. तेलाच्या एका रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला स्निग्धाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात, आणि या जाडजूड बांधणीमुळेच तेल घट्ट असतं. कॉस्टिक सोडा विरघळवलेलं मिथेनॉल घालून ६० अंशांच्या आसपास ढवळलं की साखळ्या कण्यापासून सुटतात आणि एकेक मिथेनॉलला जोडल्या जातात. १०० किलो तेलाला जेमतेम ११ किलो मिथेनॉल पुरतं, पण क्रिया पुरी व्हावी म्हणून दुप्पट घालतात. हाती साधारण १०० किलो बायोडिझेल येतं आणि तळाशी १० किलो ग्लिसरीन बसतं. घट्टपणा डिझेलच्या जवळ येतो.

करंजाच्या तेलात मात्र मोकळी आम्लं पुष्कळ असतात. सोडा थेट घातला की साबण होतो, म्हणून आधी आम्ल घालून एक फेरी करावी लागते. तळणाच्या जुन्या तेलातलं पाणीही असाच साबण करतं. शिवाय मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. घरामागच्या ड्रममध्ये करायचं हे काम नव्हे.

करंजाचा उपयोग कल्पनेतलाच आहे असं नाही. पैनगंगेपलीकडे, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या पॉवरगुडा गावानं २००३ साली करंजाच्या तेलामुळे वाचणाऱ्या डिझेलच्या हिशेबावर १४७ टन कार्बन डायऑक्साइड टाळल्याचं श्रेय जागतिक बँकेला ६४५ डॉलरला विकलं. आपल्याकडे करंज तोच आहे, उन्हाळाही तोच.

माझं मत स्पष्ट आहे. खायचं तेल इंधनात घालू नये. करंजाचं किंवा तळणाचं तेल न्यावं ते बायोडिझेलच्या कारखान्यात, आणि विकत घ्यावं ते आयएस १५६०७ या मानकात बसणारंच. जुन्या टाकीत पहिल्यांदा भरलं की ते आतला साचलेला मळ सोडवतं, म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर बदला. आणि भरण्याआधी गाडीसोबत मिळालेलं पुस्तक उघडा. त्या इंजिनाला किती टक्के बायोडिझेल चालतं, ते तिथे पाहा.