दोन आघाड्या, एकच सैन्य

‘ऑस्ट्रियाचे सैनिक भित्रे, म्हणून ते हरले,’ असे एक वाक्य मी ट्यूटोरियलमध्ये ठोकून दिले होते. सरांनी त्यापुढे तांबडे प्रश्नचिन्ह काढले. ते मनाला लागले, आणि मी ग्रंथालयाची वाट धरली.

१९१४ साली ऑस्ट्रिया-हंगेरीपुढे दोन शत्रू होते : दक्षिणेस चिमुकला सर्बिया आणि ईशान्येस विशाल रशिया. सेनाप्रमुख कॉनराड यांनी सैन्याचे तीन भाग केले. एक रशियासाठी, दुसरा सर्बियासाठी आणि सुमारे बारा डिव्हिजनांचा तिसरा राखीव, म्हणजे गरज पडेल तिकडे धाडण्यासाठी. कागदावर योजना निर्दोष होती. पण सैन्य कागदावरून जात नाही, आगगाडीने जाते! २८ जुलैला सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले गेले व राखीव सेनेच्या गाड्या दक्षिणेकडे सुटल्या. रशिया युद्धात उतरणार हे दिसताच त्या वळवाव्यात असे ठरले. परंतु आता वळविल्यास सारे वेळापत्रक कोलमडेल, असे रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी बजावले. परिणामी ती सेना आधी डॅन्यूबकाठी गेली आणि मग उलट फिरून गॅलिशियात पोचली, तोवर तिथली लढाई पेटलेली होती. तिचा काही भाग तर सर्बियातच गुंतून पडला. ऑगस्टमध्ये सेरच्या डोंगरावर सर्बांनी ऑस्ट्रियाला हरविले. ३ सप्टेंबरला रशियनांनी लेंबर्ग घेतले. तेलही गेले, तूपही गेले!

प्रतिस्पर्धी तरी कुठे सुखात होते? रशियाने पूर्व प्रशिया व गॅलिशिया या दोन्हींवर एकदमच चाल केली. गॅलिशियात यश आले, पण ऑगस्टअखेरीस टॅनेनबर्गला त्याची एक सेना नेस्तनाबूत झाली. जर्मनीने पूर्वेच्या धास्तीने पश्चिम आघाडीवरून दोन कोअर काढल्या. टॅनेनबर्गची लढाई संपली तेव्हा त्या वाटेतच होत्या, आणि सप्टेंबरात मार्नच्या लढाईत त्यांची उणीव भासली. पुढे नोव्हेंबरात रशियाला तुर्कांची, तर मे १९१५ मध्ये ऑस्ट्रियाला इटलीची नवी आघाडी मिळाली.

तात्पर्य, आघाड्या वाढल्या तरी रूळ, तोफगोळे आणि अनुभवी अधिकारी तेवढेच राहतात. गाडीच्या डब्यात ऑगस्ट घालविलेल्या त्या शिपायाला शूर ठरण्याची संधी तरी कोणी दिली? माझे ते वाक्य मी आता स्वतःच खोडले आहे.