पाच वॉट पुष्कळ झाले

आहुप्यासारख्या घाटमाथ्यावरच्या गावात कुणी पहिली इलेक्ट्रिक गिटार घेतली, तर सोबत केवढा अॅम्प घ्यावा? छोटा. वॉट दहापट केले की आवाज १० डेसिबलने वाढतो आणि कानाला तो साधारण दुप्पटच भासतो. म्हणजे स्पीकर तोच असेल तर ५० वॉटचा अॅम्प ५ वॉटच्या दुपटीएवढाच मोठा. पैसे आणि वजन मात्र भरपूर. गिटारचे बरेच स्पीकर एका वॉटलाच एक मीटरवर ९० डेसिबलच्या पुढे जातात. घरात आणखी काय हवं?

ब्लूटूथ स्पीकरवर काम भागवण्याचा मोह होतो. तिथे आवाज सहज १५० मिलिसेकंद उशिरा येतो. तेवढ्या वेळात हवेतला आवाज ५० मीटर जातो, म्हणजे आपलीच गिटार शेताच्या दुसऱ्या बांधावरून ऐकायची! होम थिएटरचं दुखणं वेगळं. गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्‌झच्या वरचे सूर गाळतो, म्हणून डिस्टॉर्शन गोड लागतं. होम थिएटर ते सगळे ऐकवतं आणि कान किटतात.

व्हॉल्व्हचे अॅम्प मला आवडतात, पण ते तापतात, वीज खातात. पावसाळ्यात वीज गेली की रोलँडच्या मायक्रो क्यूबसारखा, सहा पेन्सिल सेलवर चालणारा अॅम्प बरा. त्याला हेडफोनही जोडता येतो. स्पीकरचा पडदा बहुधा कागदी असतो. ओल आलेल्या भिंतीपासून अॅम्प दूर, फळीवर ठेवा.