'जोर', 'बल' आणि मुलांची वाक्ये

घरंगळणारी गोटी अखेर का थांबली असे प्राथमिक शाळेतील मुलास विचारावे, तर 'तिच्यातला जोर संपला' असे उत्तर बहुधा मिळते. शिक्षक 'जोर नव्हे, बल म्हणावे' अशी दुरुस्ती करतात. पुढच्या खेपेस मूल 'तिच्यातले बल संपले' असे लिहिते व त्याला गुण मिळतात. वस्तुतः चूक 'जोर' ह्या शब्दात नव्हतीच. ती 'तिच्यातला' ह्या पदात होती, आणि ती जशीच्या तशी राहिली.

'जोर' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'बल' संस्कृत असून 'बळ' हे त्याचेच घरगुती रूप होय. मराठीत दोहोंचा अन्वय एकच आहे. जोर अंगात असतो, बळ मनगटात असते. ते येते, सरते, संपते. म्हणजे भाषा त्यास पदार्थात साठविलेली वस्तू मानते. भौतिकशास्त्रातील बल ही अशी वस्तू नव्हे. एका पदार्थाने दुसऱ्यावर केलेली ती क्रिया आहे. न्यूटनने १६८७ साली 'प्रिन्सिपिया'त मांडलेल्या नियमांनुसार एकसारख्या सरळ गतीस कारण लागत नाही. कारण लागते ते गती बदलण्यास. बोटाचे बल गोटीवर स्पर्शापुरतेच असते. पुढे गोटी थांबते ती जमिनीच्या घर्षणाने.

मुलाची कल्पना मात्र हास्यास्पद नाही. वैशेषिक दर्शनात बाणाची पहिली गती नोदनामुळे व नंतरची त्या गतीने निर्माण केलेल्या संस्कारामुळे होते असे मानले आहे. संस्कार नाहीसा झाला की गुरुत्वामुळे बाण पडतो. प्रशस्तपादाने ह्या संस्काराच्या एका प्रकारास 'वेग' असे नाव दिले. चौदाव्या शतकात पॅरिस येथे ब्यूरिदाँनेही फेकलेल्या वस्तूत एक प्रेरणा शिरते असे प्रतिपादिले होते. तोच 'वेग' शब्द आपण आज दिशायुक्त चालीसाठी योजतो, हा पारिभाषिक शब्दांच्या इतिहासातील एक गमतीचा योग. ('चाल' शब्दाची अडचण निराळी: मुलांना चाल ठाऊक असते ती कवितेची.)

दुसरी अडचण क्रियापदांची आहे. मराठीत पडणे-पाडणे, सरणे-सारणे, थांबणे-थांबविणे अशा जोड्या आहेत. 'फळ पडले', 'गोटी थांबली' ह्या अकर्मक वाक्यांत कारकाला जागाच नाही. व्याकरणदृष्ट्या ती निर्दोष व पूर्ण आहेत. मुलास म्हणून पाडणाऱ्या पृथ्वीचा किंवा थांबविणाऱ्या जमिनीचा शोध घेण्याची गरज भासत नाही. अर्थात ह्याचा दोष केवळ मराठीवर ठेवता येणार नाही. जॉन क्लेमंट ह्यांनी १९८२ साली अमेरिकेतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वर उडविलेल्या नाण्यावरील बले दाखविण्यास सांगितले, तेव्हा बहुसंख्यांनी वर जाणाऱ्या नाण्यावर ऊर्ध्व दिशेचे एक बल दाखविले. हवेचा विरोध सोडल्यास तेथे केवळ गुरुत्वाकर्षण असते. इंग्रजीतून विचार करणाऱ्या प्रौढांचीही हीच गत असेल, तर भाषा ह्या समजुतीस जन्म देते असे म्हणणे धाडसाचे होईल. ती तिला बसावयास पाट देते, एवढेच.

तेव्हा आरंभी 'बल' शब्दाचा आग्रह न धरता वाक्यरचनेचा धरावा, असे मला वाटते. 'जोर' हाच शब्द राहू द्यावा. पण 'कोणी लावला? कशावर लावला?' हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावेत. ह्यासाठी कॅरमचा फळा उत्तम साधन आहे. कोरड्या फळ्यावर स्ट्रायकर एकदा टिचकीने मारावा, मग पावडर टाकून शक्य तितक्या सारख्याच टिचकीने पुन्हा मारावा. तो अधिक लांब जातो. बोटाने दिलेला जोर तेवढाच, मग तो दुसऱ्यांदा उशिरा का 'संपला'? काही मुले पावडरीने जोर वाढविला म्हणतील. त्यांना फळ्यावर पावडर पसरून स्ट्रायकर नुसता ठेवावयास सांगावे. तो जागचा हलत नाही. मग थांबविणारा कोण, हा प्रश्न त्यांच्यापुढे येतो, आणि 'फळ्याने स्ट्रायकरला थांबविले' हे प्रयोजक वाक्य मुलाच्या तोंडून येते. 'घर्षण' हा शब्द त्यानंतर सांगितला तरी चालेल.