लोकप्रिय मराठी मनोरंजनातील बोली : भाषाकार्याच्या दृष्टीने एक विश्लेषण

प्रस्तावना :
नाटक, चित्रपट व दूरचित्रवाणी मालिका यांच्या भाषेची चर्चा बहुधा दोन प्रश्नांपाशी थांबते. बोली अस्सल आहे काय, आणि इंग्रजीची भेसळ किती झाली आहे ? हे दोन्ही प्रश्न शब्दरूपांचे आहेत. कोणत्या पात्राला कोणत्या भाषेत काय करता येते, हा प्रश्न त्याहून मूलगामी होय. आज्ञा देणे, प्रेम व्यक्त करणे, शोक करणे, युक्तिवाद करणे, हसविणे ही भाषेची कार्ये आहेत. प्रमाणभाषा व बोली यांच्यात या कार्यांची वाटणी कशी झाली आहे, यावरून कलाकृतीची सामाजिक दृष्टी उघड होते. प्रस्तुत लेखात काही परिचित कलाकृतींच्या आधारे ही वाटणी तपासली आहे.

हास्याची भाषा :
मध्यमवर्गीय घराभोवती फिरणाऱ्या मराठी नाटक-चित्रपटांत बोली दीर्घकाळ नोकर, मोलकरीण किंवा गावाहून आलेला पाहुणा यांच्या वाट्याला आली. भोवतालची सर्व पात्रे प्रमाणभाषा बोलत असल्यामुळे एकाच पात्राची बोली हाच विनोद ठरे. गंगाराम गवाणकर यांच्या १९८० च्या 'वस्त्रहरण' नाटकाने ही रचना बदलली. गावकरी पौराणिक नाटक बसवितात, एवढाच त्याचा विषय. परंतु तेथे मालवणी हाच नियम आहे. मच्छिंद्र कांबळी यांचा तात्या सरपंच ज्या भाषेत हुकूम सोडतो, तीच साऱ्या गावाची भाषा आहे. हास्य निर्माण होते ते महाभारतातील भारदस्त वाणी आणि रोजचे बोलणे यांच्यातील अंतरातून. तरीही बोलीचे प्रधान कार्य हसविणे हेच राहिले.

अधिकाराची भाषा :
नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) या चित्रपटात करमाळा परिसराच्या बोलीकडे प्रेम, धाक आणि शोक ही तिन्ही कार्ये आली. आर्चीची बोली ही पाटलाच्या मुलीची बोली आहे. तिच्यातील हुकमत घराण्याच्या सत्तेतून येते. मराठीत समजत नसेल तर इंग्रजीत सांगू काय, अशा आशयाचे तिचे दटावणे महाराष्ट्रभर लोकांच्या तोंडी बसले. त्यातील भाषिक उतरंड मात्र दुर्लक्षित राहिली : बोलीत निर्भयपणे वावरणारी मुलगीही अखेरचे शस्त्र म्हणून इंग्रजीचेच नाव घेते. उत्तरार्धात आर्ची व परश्या हैदराबादला येतात. तेथे तेलुगू न कळणारी आर्ची अबोल होते आणि कामाच्या ठिकाणी ती भाषा शिकू लागते. सामाजिक स्थान गमावणे म्हणजे बोलण्याचा अधिकार गमावणे, हे चित्रपट कोणत्याही भाष्यावाचून दाखवितो.

त्याआधीच्या 'फँड्री' (२०१३) मध्ये प्रश्न अधिक तीव्र आहे. 'फँड्री' हा डुक्कर या अर्थाचा कैकाडी शब्द. कैकाडी ही द्राविड कुळातील भाषा असल्याने जब्याच्या कुटुंबासाठी घराचा उंबरठा हाच भाषेचा उंबरठा ठरतो. घरातला साधा शब्द गावाच्या तोंडी गेला की त्याची शिवी होते. शब्द तोच राहतो. बोलणारा बदलताच त्याचे कार्य बदलते.

मालिकांतील वाटणी :
'तुझ्यात जीव रंगला' (२०१६-२०२१) या मालिकेत कोल्हापुरी ढंगाची बोली नायकाची झाली, ही लक्षणीय घटना होय. तथापि शिक्षिका असलेली अंजली प्रमाणभाषेकडे झुकते आणि पैलवान राणा 'चालतंय की' म्हणत संमती देतो. ज्ञान प्रमाणभाषेकडे आणि निरागसता बोलीकडे, अशी ही वाटणी आहे. 'रात्रीस खेळ चाले' (२०१६) मध्ये 'माका', 'तुका' यांसारखी ओळखीची रूपे मालवणीचा ठसा उमटवितात. मात्र त्या कथेत बोली गूढ, भय आणि जुनाट समजुती यांच्याशी जोडली जाते. बोलीला प्रमुख स्थान मिळाले म्हणजे तिला सर्व कार्ये मिळाली, असे म्हणता येत नाही.

निष्कर्ष :
लोकप्रिय माध्यमांत बोलीची दृश्यता वाढली आहे. हास्यापासून प्रेम, धाक व शोक यांपर्यंत तिचे क्षेत्रही विस्तारले आहे. युक्तिवाद, अध्यापन, कायदा व विज्ञान ही कार्ये मात्र वरील उदाहरणांत तिच्याकडे आलेली नाहीत. या प्रश्नाचा महाविद्यालयीन वर्गाशी थेट संबंध आहे. पडद्यावरील बोलीला दाद देणारा वर्ग चर्चासत्रात बोलीतून प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हसतो, तेव्हा बोली करमणुकीसाठी योग्य आणि विचारासाठी अयोग्य, हीच वाटणी तो गिरवीत असतो. परीक्षेतील लेखनाला प्रमाणभाषेची शिस्त आवश्यक आहे; मौखिक चर्चेला तीच अट घातल्यास प्रश्नच विचारला जात नाही. भाषा विषयाच्या अध्यापकांनी एखादा परिचित प्रसंग घेऊन कोण, कोणाशी, कोणत्या भाषेत, काय साधतो, याची चार रकान्यांत नोंद विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. त्यानंतर तीच नोंद स्वतःच्या वर्गातील एका तासाची करावी. दुसऱ्या तक्त्यातील रिकामे रकाने अध्यापकांना विचार करावयास लावणारे ठरतील.