नॅपस्टरचा खटला आणि गाण्याचे मोल

बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडलेल्या शॉन फॅनिंग या अठरा वर्षांच्या तरुणाने जून १९९९ मध्ये ‘नॅपस्टर’ ही संगणकीय आज्ञावली इंटरनेटवर खुली केली, तेव्हा एका बलाढ्य व्यवसायाच्या मुळावरच आपण घाव घालीत आहोत, याची कल्पना त्यालाही नसावी. हव्या त्या गाण्याचे नाव लिहावे आणि ते ज्याच्या संगणकात असेल त्याच्याकडून परस्पर उतरवून घ्यावे, एवढीच ती सोय. नॅपस्टरजवळ गाणे एकही नव्हते. होती ती केवळ कोणाकडे काय आहे याची सूची.

ही सोय शक्य झाली ती एमपी-३ मुळे. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रान्डेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी कानाच्या मर्यादांचा विचार करून ही पद्धती विकसित केली. मोठ्या आवाजाच्या जोडीने येणारा बारीक आवाज कानाला जाणवत नाही. मग तो साठवून तरी का ठेवावा? असे अनावश्यक ते गाळले की ध्वनिमुद्रण मूळच्या सुमारे दहाव्या हिश्शात मावते. अमेरिकन वसतिगृहांत वेगवान इंटरनेट पोहोचलेच होते. विद्यार्थ्यांची अशी झुंबड उडाली की भार असह्य होऊन काही विद्यापीठांना नॅपस्टरला बंदी करावी लागली.

ही चोरी होती काय? स्वामित्वहक्काचा तो भंग होता, यात शंका नाही. आणि फुकटचे गाणे हा जणू आपला जन्मसिद्ध हक्कच, या थाटात बोलणाऱ्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु फिर्यादींचे हातही स्वच्छ नव्हते. एका आवडत्या गाण्यासाठी बहुधा अख्खी सीडी विकत घेणे ग्राहकाला भाग पडे. मे २००० मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने सीडीच्या किमती चढ्या राखल्याबद्दल पाच बड्या कंपन्यांवर ठपका ठेवला. त्यापायी तीन वर्षांत ग्राहकांना ४८ कोटी डॉलरपर्यंत जादा मोजावे लागले असावेत, असा आयोगाचा अंदाज होता.

या कंपन्यांनी डिसेंबर १९९९ मध्येच दावा लावला होता. एप्रिल २००० मध्ये ‘मेटॅलिका’ हा रॉक संगीताचा चमूही न्यायालयात गेला आणि त्यातील ड्रमवादक लार्स उल्रिक याने ३,३५,४३५ जणांची यादीच नॅपस्टरच्या दारात नेऊन टाकली. आपल्या संमतीवाचून आपली कला वाटली जाऊ नये, हे त्याचे म्हणणे रास्तच होते. पण यादीतले लोक त्याचीच गाणी आवडीने ऐकणारे होते, आणि रसिकांना आरोपी ठरविणारा कलावंत अनेकांच्या मनातून उतरला.

न्यायाधीश मेरिलिन हॉल पटेल यांनी जुलै २००० मध्ये मनाईहुकूम दिला. अपील न्यायालयाने फेब्रुवारी २००१ मध्ये त्याचा गाभा कायम ठेवला आणि त्याच वर्षी जुलैत नॅपस्टर बंद पडले. सूची नॅपस्टरच्या ताब्यात होती, म्हणजे जे चालले आहे त्याची जाणीव आणि ते रोखण्याची शक्ती दोन्ही त्याच्याजवळ होती, असा या निर्णयाचा आशय. त्यातून इतरांनी नेमका उलटा बोध घेतला: सूचीच नको! खटला चालू असतानाच निघालेल्या ‘ग्नुटेला’ला मध्यवर्ती सूची नव्हती, मग दावा लावायचा कोणावर? सप्टेंबर २००३ मध्ये कंपन्या सामान्य माणसांवरच उलटल्या. पहिल्याच तडाख्यात न्यूयॉर्कची एक बारा वर्षांची मुलगी सापडली आणि तिच्या आईला २००० डॉलर भरून तडजोड करावी लागली.

वास्तविक उपाय समोरच होता. ‘ॲपल’ने एप्रिल २००३ मध्ये ९९ सेंटला एक गाणे विकण्यास आरंभ केला आणि लोकांनी ते घेतलेही. पण तोवर घडी विस्कटली होती. अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल १९९९ मध्ये सुमारे १४६० कोटी डॉलर होती. २०१४ पर्यंत ती निम्म्यावर आली. पुढे ती सावरली ती ‘स्पॉटिफाय’सारख्या सेवांमुळे. तेथे श्रोता मासिक वर्गणी भरतो किंवा जाहिराती सोसतो, आणि नॅपस्टरवर होती तशी हवे ते गाणे हव्या त्या क्षणी ऐकण्याची मुभा त्याला कायदेशीरपणे मिळते.

कंपन्यांची तिजोरी अशा रीतीने पुन्हा भरली. मात्र ज्या कलावंतांच्या नावाने हा सारा झगडा झाला, त्यांतील नामवंतांखेरीज इतरांची स्थिती निराळी आहे. वर्षभरात हजार वेळाही ऐकल्या न गेलेल्या गाण्याला ‘स्पॉटिफाय’ने २०२४ पासून मोबदला देणेच थांबविले.