पिटबुल आला घरी, फिरवणार कोण?

हल्ली तालुक्याच्या गावातही पिटबुल दिसायला लागले आहेत. पूर्वी कुत्रा म्हणजे दारातला गावठी, फार तर डॉक्टरांच्या बंगल्यावर एखादा अल्सेशियन. आता कॉलेजातल्या पोरांना ते रुंद छातीचं, मोठ्या जबड्याचं जनावर हवं असतं. मोबाईलवर व्हिडिओ बघतात, कुणाकडून तरी पिल्लू ठरवतात आणि एक दिवस खोक्यात घालून घरी आणतात. महिना-दोन महिने कौतुक चालतं, चारचौघांत फोटो निघतात. मग परीक्षा येते, नोकरी लागते, पोरगा पुण्याला जातो. कुत्रा घरीच राहतो. आणि मैत्रिणींनो, त्याच्याबरोबर घरी आणखी कोण राहतं ते मी सांगायला नको!

बचत गटाच्या कामामुळे माझं बऱ्याच घरी जाणं होतं. मागच्या अंगणात साखळीला बांधलेला असा कुत्रा मी तीन-चार घरी तरी पाहिला आहे. साखळी पोहोचते तेवढी अर्धगोल जमीन येरझाऱ्यांनी गुळगुळीत झालेली असते. भाकरी घालायला जाते ती घरातली बाई, आणि तीही थाळी लांबूनच सरकवते. त्याला सोडायची कुणाची छाती होत नाही. सोडत नाहीत म्हणून तो आणखी पिसाळल्यासारखा करतो, आणि तसं करतो म्हणून कुणी सोडत नाही.

या कुत्र्यांची ताकद कुठून आली हे थोडं समजून घ्यायला हवं. इंग्लंडमध्ये पूर्वी वळू दाव्याने खुंट्याला बांधायचा आणि त्याच्यावर कुत्री सोडायची असा खेळ चालत असे. वळूचं नाक पकडून सोडायचं नाही, हे त्या कुत्र्यांचं काम. १८३५ साली कायद्याने हा खेळ बंद झाला. मग शौकिनांनी बुलडॉग आणि चपळ टेरियर यांचा संकर करून कुत्र्यांच्याच झुंजी लावायला सुरुवात केली. पिटबुल, स्टॅफर्डशायर आणि लांब अंडाकृती तोंडाचा बुल टेरियर ही सगळी त्याच घराण्यातली भावंडं. बुल टेरियरला आजचं रूप देण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स यांना दिलं जातं. त्यांना झुंजीपेक्षा देखण्या कुत्र्याची हौस होती.

म्हणजे दिवसभर दम न लागणारं, एकदा धरलं की न सोडणारं असं हे रक्त. त्यांचा जबडा कुलपासारखा अडकतो म्हणतात, त्यात मात्र तथ्य नाही. जबडा इतर कुत्र्यांसारखाच असतो, चिकाटी जास्त असते. माणसांत वाढवलं तर ही कुत्री अतिशय लाघवी होतात, अगदी मांडीवर येऊन बसणारी. पण त्यांना काही कामच दिलं नाही, तर ती सगळी ताकद जाणार कुठे? जुलै २०२२ मध्ये लखनौला एका वृद्ध आईचा घरातल्याच पिटबुलच्या हल्ल्यात जीव गेला. कुत्रा मुलाने पाळलेला होता. ती बातमी वाचून मला रात्रभर झोप नव्हती.

त्यानंतर काही शहरांनी बंदी घातली. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी असं पत्र राज्यांना पाठवलं. त्यात पिटबुल होता. ते प्रकरण कोर्टात गेलं आणि एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. त्यामुळे आपल्या नगरपालिकेत नोंदणीचे काय नियम आहेत, हे पिल्लू आणण्याआधीच विचारून घ्यावं. पण एक कायदा जुनाच आहे आणि तो फार कुणाला माहीत नसतो. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा गुन्हा आहे. आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधणं हाही गुन्हाच. आणि निष्काळजीपणामुळे आपल्या जनावराने कुणाला इजा केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. घरी ‘फिरवणार कोण?’ असा वाद झाला तर हे वाचून दाखवा.

आता आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचं सांगते. तिच्या मुलाने आणलेला रॅम्बो असाच गोठ्यामागे बांधलेला असे. मुलगा बाहेरगावी. ‘देऊन टाक कुणाला तरी’ असं सगळे म्हणत होते, पण घेणार कोण? नेणारे नेतात ते झुंजीलाच. शेवटी ती सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी आधी कुत्रा तपासला, रेबीजची लस दिली, नसबंदी केली. मग म्हणाले, ‘ताई, भाकरी तुम्ही घालता ना? मग शिकवायचंही तुम्हीच.’

पहिले आठ दिवस तिने एवढंच केलं. साखळी पोहोचणार नाही अशा अंतरावर पाट टाकून बसायचं आणि उकडलेल्या अंड्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे टाकायचे. तो भुंकला की काही नाही. गप्प राहिला की तुकडा. बसला की दोन तुकडे. नवव्या-दहाव्या दिवशी ती दिसली की रॅम्बो आपणहून बसायला लागला. मग शब्द जोडला, ‘बस’. इथे घरात एक भांडण झालं. मुलगा फोनवरून सांगे ‘सिट’ म्हणायचं, सासरे म्हणत ‘बैस’, आणि ही म्हणे ‘बस रे राजा’. डॉक्टरांनी सांगितलं, भाषा कुठलीही चालेल, पण सगळ्यांनी एकच शब्द वापरा. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ आणि ‘सोड’ एवढे चार शब्द ठरले. भिंतीवर खडूने लिहून ठेवले.

यातला ‘सोड’ या जातीसाठी सगळ्यात मोलाचा. तिने जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची जाड वेणी घातली. एक टोक त्याच्या तोंडात, दुसरं तिच्या हातात. थोडी ओढाओढ, मग हात एकदम सैल करून ‘सोड’, आणि दुसऱ्या हातात अंड्याचा तुकडा. सोडलं की पुन्हा वेणी त्याच्या तोंडात. सोडल्याने खेळ संपत नाही हे त्याला कळलं, तेव्हा तो आनंदाने सोडायला लागला. ओढाओढीचा खेळ खेळू नये असं पूर्वी सांगत. नियम लावून खेळला तर उलट ताबा वाढतो. मात्र टायर दातात धरून कुत्र्याला लटकवायचं, मोटारसायकलला बांधून पळवायचं, असले पोरांचे प्रकार दिसले की माझं डोकं फिरतं. तो व्यायाम नव्हे, तो छळ आहे.

मारण्याचंही तसंच. ‘मालक कोण ते दाखवायला हवं’ म्हणून काठी उगारणारे पुष्कळ भेटतात. भेदरलेला कुत्रा गुरगुरणं सोडतो आणि थेट चावतो, म्हणजे आपल्याला मिळणारी सूचनाच बंद होते. अमेरिकेतल्या प्राणीवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की कुत्र्यांना शिकवताना बक्षिसाचीच पद्धत वापरावी, अगदी आक्रमक कुत्र्यांच्या बाबतीतही. मात्र घरच्या माणसांना एकदा चावलेला कुत्रा असेल, तर हा लेख वाचून एकटीने प्रयोग करू नका. आधी पशुवैद्यकाला गाठा.

फिरायला नेण्याआधी मुसके घालायची सवय. मळणीच्या वेळी बैलाला घालतात तसंच, पण कुत्र्यासाठी जाळीचं घ्यायचं. त्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. नुसती पट्टी आवळून बांधली तर उन्हात जीव गुदमरतो. मैत्रिणीने जाळीच्या आतून दही चोपडलं. रॅम्बो आपणहून तोंड घालून चाटत बसे. चार-पाच दिवसांनी पट्टा लावला तरी त्याला काही वाटेना. गळ्यातल्या साखळीऐवजी छातीवरून जाणारा रुंद पट्टा घेतला, म्हणजे ओढलं तरी गळ्याला फास बसत नाही. आणि बायांनो, दोरीचं टोक मनगटाला किंवा कमरेला गुंडाळू नका. पंचवीस-तीस किलोचं जनावर झेपावलं तर आपण तोंडावर पडतो. पदर खोचलेला, पायात बूट. ओढायला लागला की झाडासारखं उभं राहायचं. दोरी सैल झाली की पुढे चालायचं. पहिल्या दिवशी वेशीपर्यंत जायला तिला पाऊण तास लागला होता!

मोठ्या झालेल्या कुत्र्याला दिवसाला तासभर तरी हिंडणं हवंच, दोन वेळा मिळून. पिल्लाला मात्र वर्षभर दमवायचं नाही, उड्या मारायला लावायच्या नाहीत, त्याची हाडं-सांधे तयार होत असतात. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. आणि पहिल्या तीन-चार महिन्यांत त्याला सायकल, बँड, टोपीवाले आजोबा, शाळेतली पोरं, शेळ्या असं सगळं दाखवून घ्यावं, लसीकरण पुरं होईपर्यंत कडेवर घेऊन.

आपल्याकडचं ऊन हा मोठा शत्रू. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जिभेवाटे थंड होतो. उन्हाळ्यात पहाटे किंवा मग दिवस मावळून रस्ता निवल्यावरच न्यावं. पालथा हात पाच-सात सेकंद डांबरावर ठेवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही नाही. झोकांड्या खायला लागला, लाळ गळायला लागली, तर सावलीत घेऊन अंगावर साधं पाणी ओता, पंख्याखाली ठेवा आणि दवाखाना गाठा.

नुसतं चालवून ही जात दमत नाही, तिच्या नाकाला आणि डोक्याला काम लागतं. भाकरीचे तुकडे जुन्या टॉवेलात गुंडाळून द्यायचे, नाहीतर अंगणात विटांमागे लपवून ‘शोध’ म्हणायचं. पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही तेव्हा याचाच आधार. खायला घालताना मात्र उरलीसुरली आमटी नको. कांदा, लसूण, बेदाणे, मनुका, चॉकलेट हे कुत्र्याला विषासमान.

पांढऱ्या बुल टेरियरमध्ये काही पिल्लं जन्मतः बहिरी निघतात. म्हणून शब्दाबरोबर हाताची खूणही शिकवावी. अलास्कातल्या जुनो बंदरावर पॅट्सी ॲन नावाची अशीच एक बहिरी बुल टेरियर होती. बोट यायच्या सुमाराला ती बरोबर धक्क्यावर हजर असे. १९३४ साली महापौरांनी तिला गावाची अधिकृत स्वागतकर्ती म्हणून जाहीर केलं. आज तिचा कांस्य पुतळा तिथे आहे.

रॅम्बो आता रोज पहाटे साडेपाचला फिरतो. गल्लीतली कुत्री अंगावर येतात, तो सुरुवात करत नाही, पण माघारही घेत नाही. म्हणून मैत्रीण वाट बदलते, मुसके काढत नाही. नातवंडं आली की कुत्रा आतल्या खोलीत, कडी लावून. तो कितीही शहाणा झाला तरी लहान मुलाजवळ एकटा सोडत नाही, या बाबतीत ती कुणाचं ऐकत नाही. गेल्या दिवाळीत मुलगा आला आणि आल्या आल्या साखळी सोडायला निघाला. तिने दोरी आणि अंड्याची वाटी त्याच्या हातात दिली, म्हणाली, ‘आधी बस म्हण. बसला की मग दोरी लाव.’ चार दिवस पोराने आईकडून धडे घेतले. पहाटे फटाके वाजतात म्हणून त्या दिवसांत फिरण्याची वेळ बदलली आहे, दुपारी चार, चहा टाकायच्या आधी.