एका नाकपुडीत की दोन्हींत?

‘नाकात मांस वाढलंय’ ही तक्रार नेहमीची. गंमत म्हणजे पुष्कळदा नवं असं काही वाढलेलंच नसतं. नाकाच्या बाजूच्या भिंतीला प्रत्येकालाच गुबगुबीत वळकट्या असतात, त्या ॲलर्जीने सुजतात. त्या सहसा गुलाबी दिसतात आणि हात लागला की झोंबतात. पॉलिप मात्र फिकट राखाडी, ओलसर, सोललेल्या द्राक्षासारखा. सळईने हलवला तरी फारसं कळत नाही. आरसा आणि टॉर्च घेऊन घरीच निदान करणारे नेमके इथे फसतात.

पॉलिप ही खरं तर गाठ नव्हेच. दोन डोळ्यांच्या मधोमध मधमाशांच्या पोळ्यासारख्या बारीक पोकळ्या असतात. तिथलं अस्तर दीर्घकाळ सुजत राहिलं की त्यात पाणी भरतं आणि ते नाकात लोंबू लागतं. सूज दोन्हीकडे, म्हणून पॉलिपही सहसा दोन्हीकडे, घोसाने. नाक चोंदतं, आवाज गेंगाणा होतो, वास जातो. फोडणी करपली तरी पत्ता नसतो, जेवण बेचव लागतं. दमेकऱ्यांत हे जास्त. काहींना जोडीला ॲस्पिरिनचंही वावडं असतं. ऑपरेशनने पॉलिप निघतात, सुजण्याची खोड निघत नाही. म्हणून नंतरही स्टेरॉइडचा स्प्रे चालू ठेवावा लागतो, आणि नेमका तोच लोक आधी बंद करतात.

एकच बाजू बंद असेल तर डॉक्टर जास्त सावध होतात. शाळकरी वयात गालाच्या सायनसमधून निघालेला एकटा पॉलिप मागे सरकत पडजिभेमागे डोकावतो; तो मुळासकट काढला की बहुधा प्रश्न मिटतो. पण वयात येणाऱ्या मुलाचं नाक बंद आणि वरचेवर घोळणा फुटत असेल, तर रक्तवाहिन्यांनी भरलेल्या अँजिओफायब्रोमाची शंका घ्यावी लागते. या गाठीचा तुकडा बाह्यरुग्ण विभागात काढायचा नसतो, रक्त आवरत नाही. आधी स्कॅन.

पन्नाशीच्या आसपास एका बाजूला वाढणारा इन्व्हर्टेड पॅपिलोमा दिसायला पॉलिपसारखाच. पण त्याचं अस्तर आतल्या बाजूला वाढतं. अर्धवट काढला तर परततो, आणि थोड्या रुग्णांत कर्करोगाकडे वळतो. त्यामुळे तुकडा तपासणं आणि पुढे अनेक वर्षं दुर्बिणीतून पाहत राहणं आलंच.

कपाळाच्या सायनसमधला ऑस्टिओमा, म्हणजे हाडाची गाठ, बहुधा भलत्याच कारणाने केलेल्या सीटी स्कॅनमध्ये सापडतो. सायनसची वाट अडवत नसेल, डोळा ढकलत नसेल, तर नुसती नजर ठेवली तरी चालते.

आणि लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर गाठीचा विचार नंतर. आधी आत गेलेला वाटाणा किंवा मणी शोधावा. बटणासारखी बॅटरी गेली असेल, तर रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठावा. ती काही तासांत नाकाचा पडदा जाळते.